शिळावर्तुळे : थडग्यांकडून माणसांकडे

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून आठ-दहा किलोमीटर अंतरावर जुनापाणी नावाचे ठिकाण आहे. तिथल्या माळावर मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले दिसतात. वर्तुळाच्या आतली जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडी उंच, मध्यभागी फुगीर आणि दगडगोट्यांनी भरलेली असते. एकट्या जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळे मोजली गेली आहेत. माहुरझरी, टाकळघाट, खापा, नायकुंड, भागीमोहारी, हिंगण्याकडचे रायपूर अशी आणखी कितीतरी ठिकाणे नागपूरच्या आसपास आहेत.

ही वर्तुळे म्हणजे सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची थडगी. मेलेल्या माणसाचे अवशेष, त्याच्यासोबत ठेवलेली भांडी आणि हत्यारे, वर माती-दगडांचा ढिगारा आणि ढिगाऱ्याभोवती धोंड्यांचे कडे अशी त्यांची रचना असते. मोठे दगड वापरून स्मारके उभारणाऱ्या या संस्कृतीला पुरातत्त्वात ‘महापाषाणीय संस्कृती’ म्हणतात. या थडग्यांत कुठेही लेख नाही, राजाचे नाव नाही, नाणे नाही. म्हणजे त्या लोकांविषयी जे काही समजायचे ते जमिनीतून निघालेल्या वस्तूंवरूनच समजायचे.

इतिहास शिकवताना आपण मुलांना बरेचदा निष्कर्ष सांगतो. ते कसे निघाले ते सांगायचे राहून जाते. शिळावर्तुळांची गोष्ट इथे उपयोगी पडते, कारण तीत निष्कर्ष कसे काढले गेले, ते कुठे चुकले आणि कशामुळे दुरुस्त झाले, हे सारे क्रमाने पाहता येते. म्हणून आम्ही या लेखासाठी हा विषय घेतला आहे.

पहिले खोदणारे

स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरकरांना तिथल्या कॉलेजमुळे माहीत असते. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. तो शाळा चालवी, गोंड लोकांच्या भाषा आणि चालीरीती टिपून ठेवी आणि भूशास्त्राचा उत्तम अभ्यासक होता. हिस्लॉपाइट हे खनिजाचे नाव त्याच्यावरूनच पडले आहे. खडक पाहत हिंडणाऱ्या या माणसाच्या नजरेतून धोंड्यांची वर्तुळे सुटणे शक्य नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळे पाहून परत येताना बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याची टिपणे मध्य प्रांताचे तेव्हाचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढली.

पुढे कामठीच्या छावणीतल्या मेजर पिअर्स यांनी वारेगावजवळचा एक मोठा दफन-ढिगारा खोदला. त्याची हकीकत १८६९ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात आली. जुनापाणीची वर्तुळे खोदली रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने. कापूस खात्याच्या कामानिमित्त तो या भागात फिरत असे. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत १८७९ साली त्याचा लेख प्रसिद्ध झाला.

या मंडळींना वर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, भाल्यांची पाती, बांगड्या, मातीची भांडी मिळाली. युरोपातल्या दफन-ढिगाऱ्यांची वर्णने त्यांनी वाचलेली होती. मध्य आशियातले सिथियन लोक घोड्यांवरून फिरत आणि आपल्या सरदारांना घोड्यांसह ढिगाऱ्याखाली पुरत, हे हिरोडोटसच्या ग्रंथामुळे त्यांना ठाऊक होते. मग नागपूरची वर्तुळेही सिथियनांचीच असली पाहिजेत, असा तर्क त्यांनी बांधला. त्या काळच्या लेखनात या वर्तुळांना सरळ ‘सिथियन’ म्हटलेले आढळते. धोंडे सारखे, ढिगारे सारखे, तेव्हा माणसेही तीच, असा तो विचार होता.

या तर्कातली उणीव काय? वर्तुळ ही फार सोपी आकृती आहे. एक खुंटी ठोकली आणि तिला दोरी बांधून फिरवली की वर्तुळ आखले जाते. ते आखायला कुणाकडून शिकावे लागत नाही. मेलेल्या माणसावर माती-दगड लोटून खूण करणे हेही जगभर अनेक समाजांनी आपापले केलेले आहे. दोन गोष्टी सारख्या दिसतात एवढ्यावरून त्या एकाच माणसांनी केल्या असे ठरत नाही. त्यासाठी आणखी पुरावा लागतो आणि तो मिळवायचा तर खोदायची पद्धतच बदलावी लागते.

ढिगारा कसा कापायचा?

एकोणिसाव्या शतकातले बहुतेक लोक ढिगाऱ्याच्या मध्यभागी विहिरीसारखा खड्डा घेत आणि वस्तू लागेपर्यंत खाली जात. वस्तू हाती येई, पण ती कोणत्या थरात होती, तिच्या शेजारी काय होते, ती वर पडली होती की मुद्दाम खाली ठेवली होती, हे सगळे त्या खड्ड्यातच नाहीसे होई.

याला एक ठळक अपवाद होता. सुरपूर संस्थानात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, काम केलेल्या कर्नल मेडोज टेलर यांनी जेवर्गी परिसरातली थडगी खोदताना त्यांचे उभे छेद काढले आणि थर व वस्तू जागच्या जागी दाखवणारी चित्रे तयार केली. केक कापल्यावर त्याच्या आतले थर दिसतात, तसे ढिगाऱ्याचे थर त्या चित्रांत दिसतात. ठगाच्या कबुलीजबाबावरची प्रसिद्ध कादंबरी लिहिणारे टेलर ते हेच. पुढे ते नळदुर्ग भागातही अधिकारी होते. पण त्यांचा कित्ता लगेच कुणी गिरवला नाही.

आजची रूढ पद्धत अशी आहे. वर्तुळाच्या केंद्रातून एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा आखतात. त्यामुळे वर्तुळाचे चार पाव भाग होतात. आधी समोरासमोरचे दोन भाग खोदायचे आणि उरलेले दोन तसेच राहू द्यायचे. न खोदलेल्या भागांच्या उभ्या कडांवर ढिगाऱ्याचे सगळे थर वरपासून खालपर्यंत दिसतात. त्यांचे मोजून चित्र काढायचे आणि मगच पुढे जायचे. प्रत्येक वस्तू उचलण्यापूर्वी केंद्रापासून तिचे अंतर, दिशा आणि खोली लिहायची, छायाचित्र घ्यायचे. निघालेली माती चाळायची, कारण मणी आणि धान्याचे जळके दाणे चाळणीतच सापडतात.

एवढा खटाटोप कशासाठी? रसायनशास्त्रातला प्रयोग फसला तर पुन्हा करता येतो. उत्खनन एकदाच करता येते. थडगे खोदले की ते संपले. त्यानंतर उरतात त्या वस्तू आणि नोंदवही. नोंद केली नसेल तर संग्रहालयाच्या कपाटातली कुऱ्हाड ‘मी लोखंडाची आहे’ एवढेच सांगू शकते.

स्वातंत्र्यानंतर या पद्धतीने विदर्भात काम सुरू झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणीला वर्तुळे खोदली. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७० ते ७२ या काळात माहुरझरी येथे उत्खनन केले. नायकुंडचे उत्खनन १९७८ ते ८० मध्ये झाले. त्याचा अहवाल देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी लिहिला.

ढिगाऱ्याचे गणित

वर्तुळ कापल्यावर आत काय दिसते? वरच्या भागात दगडगोटे आणि मुरूम. त्याखाली पुष्कळदा चिकट काळ्या मातीचा भराव. तळाशी मृताचे अवशेष आणि वस्तू. माळ मुरमाड असेल तिथे ही काळी माती खालच्या शेतजमिनीतून किंवा ओढ्याकाठून वर आणली असली पाहिजे.

हे काम किती मोठे होते, याचा अंदाज आठवी-नववीच्या मुलांना करता येईल. समजा, वर्तुळाचा व्यास १२ मीटर आहे आणि भराव मध्यभागी १ मीटर उंच असून कडेला उतरत गेला आहे. गोलाच्या टोपीच्या घनफळाचे सूत्र वापरले तर हा भराव सुमारे ५७ घनमीटर होतो. एका घनमीटरचे वजन १.६ टन धरले तर एकूण वजन ९० टनांच्या आसपास जाते. डोक्यावरच्या एका टोपल्यात २० किलो माती मावते असे मानू. म्हणजे साडेचार हजार टोपली झाली. एका माणसाने दिवसाला ५० खेपा केल्या तर हे ९० माणसांचे एका दिवसाचे, किंवा ३० माणसांचे तीन दिवसांचे काम आहे. धोंडे ओढून आणून लावायचे काम निराळेच.

यातला प्रत्येक आकडा आपण मानलेला आहे आणि मुलांनी तो बदलून पाहावा. आकडे थोडेफार बदलले तरी एक गोष्ट ठाम राहते : हे एका घराचे काम नव्हे. एखाद्याच्या मरणानंतर तीस-चाळीस माणसे दोन-तीन दिवस आपले काम सोडून राबत होती. त्यांच्या जेवणाची सोय कुणीतरी करत होते. ढिगाऱ्याच्या घनफळावरून आपण समाजापर्यंत आलो, आणि अजून एकही वस्तू बाहेर काढलेली नाही.

वस्तूंची साक्ष

आता वस्तूंकडे वळू. विदर्भातल्या वर्तुळांत लोखंडाची रेलचेल आहे. कुऱ्हाडी, पटाशा, खंजीर, भाल्यांची आणि बाणांची पाती, पळ्या, बांगड्या, नखे काढायची नराणीसुद्धा. इथल्या कुऱ्हाडींची एक खास ओळख आहे. पात्यावर एकमेकींना छेदणाऱ्या लोखंडी पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. पाते लाकडी दांड्याला आवळून धरण्यासाठी त्या पट्ट्या होत्या. दांडा केव्हाच कुजून गेला. पण पट्ट्यांच्या आत राहिलेल्या पोकळीवरून तो किती जाड होता आणि पात्याला कोणत्या बाजूने लावलेला होता, हे समजते. नाहीशा झालेल्या वस्तूने आपली जागा मागे ठेवली आहे.

तांब्याच्या वस्तूंत वाट्या, घंटा आणि घुमटासारखी झाकणे आहेत. काही झाकणांच्या वर मुठीच्या जागी पक्ष्यांच्या छोट्या आकृत्या बसवल्या आहेत. दगडी मण्यांत तांबड्या अकीकाचे मणी आहेत.

मातीच्या भांड्यांत एक प्रकार ठळक आहे : आतून आणि काठापाशी काळी, बाहेरून खाली तांबडी. एकाच मातीला दोन रंग कसे आले? मातीत लोहाची संयुगे असतात. भाजताना हवा भरपूर मिळाली तर तांबडे ऑक्साइड तयार होते. हवा कोंडली आणि भोवती धूर व कोळसा असला तर माती काळी पडते. भांडे उपडे ठेवून, काठ राखेत किंवा भुश्शात बुडवून भाजले तर आत हवा पोचत नाही आणि बाहेर पोचते. मग आपोआप दोन रंग येतात. ही भांडी दक्षिण भारतातल्या बहुतेक महापाषाणीय स्थळांवर मिळतात. सिथियनांकडे नव्हे, तर दक्षिणेकडे बोट दाखवणारा हा एक धागा झाला.

इथे एक सावधगिरी हवी. जमिनीत सर्व वस्तू सारख्या टिकत नाहीत. लाकूड, कातडे, कापड, दोर, चटया, अन्न हे कुजते. विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या या हालचालीने हाडे मोडतात. म्हणून अनेक वर्तुळांत हाडांचे जेमतेम तुकडेच मिळतात. लोखंड गंजते, पण गंजाच्या रूपाने मागे राहते. मग वस्तूंच्या यादीत लोखंड खूप आणि कापड शून्य दिसते. त्यावरून ‘हे लोक हत्यारवेडे होते आणि कापड वापरत नव्हते’ असा निष्कर्ष काढला तर तो मातीच्या गुणधर्माला माणसांचा स्वभाव समजण्यासारखा होईल.

थडग्यातला घोडा

या थडग्यांत सर्वांत लक्षवेधी आहे तो घोडा. वर्तुळांत घोड्याची हाडे मिळाली, लगामाची लोखंडी कडियाळी मिळाली, आणि माहुरझरीला घोड्याच्या मुखावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले. घोड्याच्या काही हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. तेव्हा मालकाबरोबर घोडाही मारून पुरला जात असावा, असे अभ्यासक मानतात.

हाड, कडियाळे आणि दागिना या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते पाहा. नुसते हाड मिळाले असते तर घोडा रानटी होता की पाळीव, अशी शंका घेता आली असती. नुसते कडियाळे मिळाले असते तर ते खरेच लगामाचे आहे का, हा वाद झाला असता. तिन्ही एकाच थडग्यात, एकमेकांच्या जवळ मिळाली की शंकेला जागा उरत नाही : घोड्याला लगाम घालत होते, नटवत होते, आणि मालकाच्या मरणाबरोबर त्यालाही मरावे लागत होते. हे आपल्याला समजले ते त्या वस्तू एकमेकींच्या शेजारी असल्यामुळे. मध्यभागी विहीर खणणाऱ्याला हा शेजार दिसला नसता.

घोड्यामुळे सिथियनांचा तर्क पुन्हा डोके वर काढू शकतो. पण घोडा विकत घेता येतो, बदल्यात मिळवता येतो, शिकून वाढवता येतो. घोडा बाहेरचा असला तरी स्वार बाहेरचा असलाच पाहिजे असे नाही.

जिवंत माणसे कुठे राहत होती?

इथपर्यंत आपण मेलेल्यांच्याच जगात आहोत. शंभर वर्षे संशोधकही तिथेच होते. लोखंडी हत्यारे आणि घोडे पाहून हे लोक म्हणजे सदा फिरणारे, लढणारे टोळीवाले असावेत, असे चित्र मनात तयार झाले होते. त्यांची गावे ठाऊक नव्हती, त्यामुळे त्यांना गावे नव्हतीच, असे मानणेही सोपे होते.

हे चित्र बदलले ते वर्तुळांबरोबर वस्त्याही खोदल्यामुळे. टाकळघाटला वस्तीचे थर मिळाले. त्यातली भांडी आणि शेजारच्या खाप्याच्या थडग्यांतली भांडी एकाच जातीची होती. म्हणजे टाकळघाटला राहणारे आणि खाप्याला पुरलेले लोक एकाच संस्कृतीचे होते. पेंच नदीच्या काठी नायकुंडला गोलसर घरांच्या खुणा, खांबांचे खळगे, चुली आणि जळके धान्य मिळाले. नायकुंड आणि भागीमोहारी इथल्या धान्यांत भात, गहू, मसूर, वाटाणा असे प्रकार आहेत. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या यांची हाडेही आहेत. हे स्थिर राहून शेती करणारे, जनावरे पाळणारे लोक होते.

नायकुंडला आणखी एक मोलाची गोष्ट हाती आली : लोखंड गाळायची भट्टी, तिच्यात हवा फुंकायच्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. तेवढे तापमान अशा मातीच्या भट्टीत येत नाही. मग लोखंड कसे मिळत होते? कोळसा जळून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि तो खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. हे काम १२०० अंशांच्या आसपास होऊ शकते. खनिजातली माती-वाळू वितळून मळीच्या रूपाने वेगळी होते आणि मागे स्पंजासारखा सच्छिद्र लोखंडाचा गोळा राहतो. तो तापवून ठोकत राहिले की उरलेली मळी निघून जाते आणि घडण्याजोगे लोखंड मिळते. म्हणजे थडग्यातल्या कुऱ्हाडीमागे खाण, कोळशासाठी तोडलेले रान, भाता ओढणारी माणसे आणि घण मारणारा लोहार एवढे सगळे उभे आहे. लोखंड बाहेरून आलेल्या स्वारांनी आणलेले नव्हते. ते इथेच गाळले जात होते.

माहुरझरीला २००१ ते २००४ या काळात डेक्कन कॉलेजच्या आर. के. मोहंती यांनी पुन्हा उत्खनन केले, तेव्हा तिथली वस्ती आणि मणी घडवण्याचा उद्योग यांवर आणखी प्रकाश पडला.

थडगे आणि वस्ती यांतला फरक वर्गात समजावून सांगायचा असेल तर मुलांना दोन याद्या करायला सांगाव्यात. एक, आजी रोज ज्या वस्तू हाताळते त्यांची. दुसरी, आजीची आठवण म्हणून घरात जपून ठेवाव्या असे वाटेल त्या वस्तूंची. पहिल्या यादीत केरसुणी, चष्मा, औषधाची डबी येईल. दुसरीत पैठणी, पोत, पूजेची घंटा. थडग्यात दुसरी यादी सापडते आणि वस्तीत पहिली. दुसऱ्या यादीतल्या वस्तू मागे राहिलेल्यांनी निवडलेल्या असतात. मेलेला कसा होता यापेक्षा तो कसा आठवला जावा, हे त्या सांगतात.

जे वर्तुळात नाहीत ते

आणखी एक गणित. जुनापाणीची ३०० वर्तुळे ३०० वर्षांत झाली असे समजू. वर्षाला सरासरी एक वर्तुळ झाले. आसपास दोनशे माणसांची वस्ती होती असे मानू. आधुनिक औषधोपचार नसलेल्या समाजात दर हजारी तीस-चाळीस मृत्यू वर्षाला होतात. म्हणजे दोनशे माणसांत सहा ते आठ. ३०० वर्षांत सुमारे दोन हजार. काही वर्तुळांत एकाहून अधिक माणसांचे अवशेष असतात, म्हणून सरासरी दोन धरू. नष्ट झालेली वर्तुळे धरून संख्याही दुप्पट करू. तरी बाराशेच माणसे होतात. उरलेली आठशे कुठे गेली?

त्यांची व्यवस्था निराळ्या रीतीने लागली. साडेचार हजार टोपली माती प्रत्येकाच्या वाट्याला येत नव्हती. ज्यांच्यासाठी तीस माणसे राबली ते वर्तुळात आहेत; जे आयुष्यभर टोपली वाहत राहिले त्यांतले पुष्कळ वर्तुळाबाहेर आहेत. थडग्यांवरून लिहिलेला इतिहास हा मानाने पुरलेल्यांचा इतिहास होतो. टाकळघाटचे खांबांचे खळगे आणि नायकुंडची मळी बाकीच्यांची साक्ष देतात, म्हणून त्यांचे मोल तांब्याच्या झाकणाहून कमी नाही.

काळ कसा ठरला?

लोखंडी वस्तूवर वय लिहिलेले नसते. तिच्यासोबत मिळालेल्या कोळशावरून काळ काढतात. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ घेत राहते. तोडल्यावर घेणे थांबते आणि असलेला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांत निम्मा होतो. किती उरला ते मोजले की झाड केव्हा तुटले ते कळते. अशा मापनांवरून विदर्भातली ही संस्कृती मुख्यतः इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातली आणि मध्यातली ठरते. नायकुंडच्या भट्टीचा काळ इ.स.पूर्व सातव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो.

पण यात एक अडचण आहे. हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळात सारखे नव्हते. झाडांच्या वार्षिक वलयांवरून ते तपासून वय दुरुस्त करावे लागते. नेमक्या इ.स.पूर्व ८०० ते ४०० या काळात हे प्रमाण अशा रीतीने बदलत गेले, की त्या चारशे वर्षांतले वेगवेगळे नमुने जवळपास एकच वय दाखवतात. त्यामुळे इ.स.पूर्व ७५० चे थडगे आणि इ.स.पूर्व ४५० चे थडगे या पद्धतीने वेगळे करणे अवघड जाते. अशा वेळी पुन्हा थरांचाच आधार घ्यावा लागतो : कोणता थर वर, कोणता खाली. म्हणजे प्रयोगशाळा कितीही प्रगत झाली तरी माळावर काळजीपूर्वक काढलेल्या छेदाला पर्याय नाही.

उरलेली वर्तुळे

नागपूर शहर वाढले आहे. वर्तुळांचे धोंडे घरांच्या पायात घालायला सोयीचे आणि त्यांतला मुरूम रस्त्यावर पसरायला. नांगर, ट्रॅक्टर, खाणी आणि वसाहती यांनी अनेक वर्तुळे नाहीशी झाली आहेत. जुनापाणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा अशा जागी परवानगीवाचून खोदायला बंदी करतो आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई घातली. पण संरक्षित यादीत नसलेली वर्तुळे शेतांत, गायरानांत, टेकड्यांच्या उतारांवर आहेत. त्यांचे राखणदार म्हणजे तिथले गावकरी आणि शाळा.

जे वर्तुळ आज खोदले नाही ते वाया गेले असे नाही. रिव्हेट-कार्नॅकच्या वेळी कार्बन-१४ ची पद्धत नव्हती. थापरांच्या वेळी हाडांतून जनुकीय द्रव्य काढण्याचे तंत्र नव्हते. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ते खळगे असलेला दगड वर्तुळात कोणत्या दिशेला आहे, याचा अभ्यास तर या शतकात होऊ लागला. धोंडा जागचा हलला असता तर हा प्रश्न विचारताच आला नसता. आज राखलेले वर्तुळ उद्याच्या प्रश्नांसाठी ठेवलेले असते.

विदर्भातल्या किंवा अन्य भागातल्या शिक्षकांना एखादा विद्यार्थी शेतात सापडलेले जुने भांडे किंवा गंजलेले पाते आणून दाखवील. त्याला शाबासकी द्यावी आणि पहिला प्रश्न विचारावा : ‘हे नेमके कुठे होते?’ जागा, गट क्रमांक, किती खोल होते, शेजारी काय होते, हे त्याच दिवशी लिहून घ्यावे. होता होईल तो जागेचा साधा नकाशा त्याच्याकडूनच काढून घ्यावा. आणखी खोदू नये, घासूनपुसून चकचकीत करू नये. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी असा १८७८ चा कायदा आहे. तहसील कार्यालय किंवा राज्याचा पुरातत्त्व विभाग यांना पत्र लिहावे. ते पत्र मुलांनीच लिहिले तर आणखी चांगले.

गावाजवळ वर्तुळे असतील तर वर्गाची सहल तिथे न्यावी. दोरी, होकायंत्र आणि वही एवढेच साहित्य पुरे. वर्तुळाचा व्यास मोजावा, धोंडे मोजावेत, त्यांची दिशा लिहावी, खळगे असल्यास कोणत्या धोंड्यावर आहेत ते टिपावे आणि सगळे धोंडे जागच्या जागी ठेवून परत यावे. पुढच्या वर्षीच्या वर्गाने तेच वर्तुळ पुन्हा मोजावे. आदल्या वर्षी अठ्ठावीस धोंडे होते आणि यंदा सव्वीस भरले, तर दोन धोंडे कुठे गेले, याचा शोध मुलांनी गावातच घ्यावा.